घर बघायला गेलीस की आधी नळ सोड

पोरी,

परवा फोनवर तू व्हिसाबद्दल बोललीस, छोटीच्या शाळेबद्दल बोललीस, पण मनात काही तरी वेगळंच घोळत होतं ते मला कळत होतं. शेवटी विचारलंसच: “मावशी, ऑस्ट्रेलियातही पाण्याचे निर्बंध असतात म्हणे. मग लातूर सोडून आम्ही मिळवलं काय?”

हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. मध्यरात्री नळ येणार म्हणून उशाशी गजर लावून झोपणाऱ्या घरातली तू मुलगी. मांजरा धरण कोरडं पडलं आणि 2016च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ते दिवस तू काढले आहेस. ज्याच्या बालपणी घागरींची रांग होती त्याला ‘निर्बंध’ वाचलं की पोटात गोळा येणारच. म्हणून फोनवर घाईने उत्तर दिलं नाही. नीट लिहूनच पाठवते. जावईबापूंनाही वाचायला दे, कारण घर शोधायचं काम तुम्ही दोघांनी मिळून करायचं आहे.

आधी मुद्द्याचं सांगते. पाण्यावरून देश ठरवू नकोस. पाण्यावरून गाव ठरव, आणि त्याहून जास्त, घर ठरव.

मी मेलबर्नला आले ती इथला मोठा दुष्काळ सुरू होण्याआधी. 1997च्या सुमाराला तो सुरू झाला आणि 2009पर्यंत चालला. 2009च्या हिवाळ्यात मेलबर्नच्या सगळ्या धरणांत मिळून जेमतेम पाव साठा उरला होता. सगळ्यात मोठं थॉमसन धरण तर पाचव्या हिश्श्याच्याही खाली गेलं होतं. रोज वर्तमानपत्रात धरणांचा आकडा छापून यायचा आणि लोक हवामानाच्या आधी तो बघायचे. त्या सगळ्या वर्षांत माझ्या स्वयंपाकघरातला नळ कधी थांबला नाही. दिवसा नाही, रात्री नाही. दाब कमी झाला नाही, पाणी उकळून प्या असं कुणी सांगितलं नाही. मला घरात एक पिंपसुद्धा भरून ठेवावं लागलं नाही.

निर्बंध होते ते अंगणात. 2007च्या एप्रिलपासून शहरात ‘स्टेज थ्री ए’ लागू झाला. लॉनला पाणी घालायला पूर्ण बंदी. बागेला नळी धरायची ती आठवड्यातून ठरवून दिलेल्या दोन दिवशी, सकाळच्या ठरलेल्या वेळात. गाडी घरी धुवायची नाही, बादलीत फडकं बुडवून काचा, आरसे आणि दिवे पुसायचे. मैदानं इतकी टणक झाली की मुलांना दुखापत होईल म्हणून कित्येक ठिकाणी खेळाचे हंगाम पुढे ढकलले गेले. शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याने तीस-तीस वर्षं वाढवलेले गुलाब आणि लिंबाची झाडं डोळ्यांदेखत सुकली. दुःख होतं ते त्याचं, आणि ते खरं दुःख होतं. पण तहानेचं नव्हतं.

2008च्या अखेरीस सरकारने लोकांना एक आकडा दिला: माणशी दिवसाला 155 लिटर. एवढ्यात भागवा म्हणून जाहिराती सुरू झाल्या. आपल्याकडे शहरी पाणीपुरवठ्याच्या योजना आखताना माणशी 135 लिटरचं मानक धरतात, आणि तेही किती घरांपर्यंत पोहोचतं ते तुला सांगायला नको. म्हणजे इथे टंचाईत जे उद्दिष्ट होतं, ते आपल्याकडच्या कागदावरच्या भरल्या सुगीपेक्षा जास्त होतं. ब्रिस्बेनची हालत आमच्याहून वाईट होती. 2007च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या धरणांत 17 टक्क्यांहून कमी पाणी उरलं. त्यांना आकडा मिळाला 140 लिटरचा, आणि आंघोळ चार मिनिटांत उरकावी म्हणून घरोघर वाळूची छोटी घड्याळं वाटली गेली. जगात याहून कठीण वेळ आलेली शहरं आहेत. केप टाउनमध्ये 2018च्या फेब्रुवारीत माणशी 50 लिटरवर आणलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या मोठ्या शहरांवर तशी पाळी आलेली नाही.

आणि त्या दुष्काळाने या लोकांना कामाला लावलं. समुद्राचं पाणी गोड करणारे कारखाने एकामागून एक उभे राहिले. पर्थजवळ क्विनानाला 2006 साली, सिडनीत 2010 साली, ॲडलेडला 2011 साली, आणि आमच्या मेलबर्नजवळ वॉनथॅगीला 2012च्या अखेरीस. वॉनथॅगीचा कारखाना वर्षाला 150 अब्ज लिटर पाणी देऊ शकतो. उभारल्यावर पहिली काही वर्षं त्याच्याकडून पाणी घ्यावंच लागलं नाही, पण करारातले पैसे दरवर्षी द्यावे लागले, आणि ते आमच्या बिलांतूनच गेले. म्हणून मी तुला सांगते, इथे येताना पाणी संपेल ही भीती घरी ठेवून ये, आणि पाण्याचं बिल मात्र महिन्याच्या हिशोबात धर. बिल बहुधा तीन महिन्यांनी येतं. नव्याने आलेली घरं भाडं, वीज, गॅस सगळं मोजतात आणि पाणी विसरतात, कारण आपल्याकडे ते वर्षाच्या पट्टीत भरायची सवय असते.

आता गाव. तुमचं मेलबर्न की पर्थ हे ठरायचं आहे म्हणालीस. दोन्हीकडचं पाणी वेगळं, ते समजून घे.

पर्थला पाऊस पडतो जून ते ऑगस्ट, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात. उन्हाळा कोरडा ठणठणीत. 1970च्या दशकापासून तिथल्या धरणांत येणारं पाणी घटत गेलं आहे, त्यामुळे ते शहर आज मुख्यतः समुद्राच्या आणि जमिनीखालच्या पाण्यावर जगतं. तिथे बागेच्या पाण्याचे निर्बंध दुष्काळापुरते नसतात, कायमचे असतात. घर नंबरच्या शेवटच्या आकड्यावरून तुमचे आठवड्यातले दोन वार ठरतात, त्या दिवशी सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहानंतर एकदाच स्प्रिंकलर चालवायचा. जून ते ऑगस्ट पूर्ण बंद. हाताने नळी धरून किंवा झारीने पाणी घालायला अडचण नाही. बागेत जमिनीखालून टाकलेल्या, घड्याळावर चालणाऱ्या स्प्रिंकलरच्या पाइपांच्या जाळ्याला तिथले लोक ‘रेटिक’ म्हणतात. भाड्याच्या घरात ती असेल तर तिचं घड्याळ आधीच्या भाडेकरूने कसं लावून ठेवलं आहे ते पहिल्याच दिवशी बघायचं, नाही तर तुम्ही झोपेत असताना ती भलत्या वारी सुरू होते आणि दंडाची नोटीस तुमच्या नावाने येते.

मेलबर्नला पाऊस वर्षभर थोडा थोडा पडतो. दुष्काळ संपला तरी काही नियम कायमचे राहिले. स्प्रिंकलर संध्याकाळी सहा ते सकाळी दहा याच वेळात. हातातल्या नळीला चाप असलेलं तोंड हवं, आणि ती गळकी नसावी. आणि हा नियम आपल्या लोकांसाठी महत्त्वाचा: अंगण, फरशी, गाडीची वाट पाइप मारून धुवायची नाही. तेल सांडलं, घाण झाली, कुणी घसरून पडेल अशी वेळ आली तर गोष्ट वेगळी. पण सणाच्या आदल्या दिवशी दारापुढचं सारं खळाखळा धुवायची आपली जी पद्धत आहे, ती इथे बंद. झाडू मार, हाताने सडा शिंपड, रांगोळी काढ. तेवढ्याला कुणी हरकत घेत नाही.

खरी चौकशी करायची ती लहान गावांची. जावईबापूंसाठी 491 व्हिसाचाही उल्लेख तू केलास. तो घेतला तर ‘रीजनल’ भागात राहावं लागतं, म्हणजे मेलबर्न बाद. त्या व्याख्येत पर्थ आणि ॲडलेडही बसतात, पण दूरची छोटी गावंही बसतात, आणि नोकरी मिळेल तिथे जायची माणसाची तयारी असते. जा, छोट्या गावांत माणुसकी जास्त मिळते असं मी अनेकांकडून ऐकलं आहे. पण होकार देण्याआधी त्या गावाचं पाणी येतं कुठून, एवढं शोध. एकाच छोट्या धरणावर अवलंबून आहे, की मोठ्या नदीशी जोडलेलं आहे, की बोअर आहे? क्वीन्सलँडमध्ये स्टॅनथॉर्प नावाचं सफरचंदांचं आणि द्राक्षांचं गाव आहे. 2020च्या जानेवारीत त्याचं धरण आटलं आणि शेजारच्या वॉरिकहून कित्येक महिने टँकरने पाणी आणावं लागलं. म्हणजे टँकर या देशातही आहे, पण तो शहरात नाही, अशा गावांत आहे. धरणांचे आकडे इथल्या पाणीपुरवठा कंपन्या उघड ठेवतात. आजचा आकडा बघू नकोस, 2007 आणि 2019 साली त्या गावाचं काय झालं होतं ते बघ.

गावाबाहेर थोडी जमीन असलेलं स्वस्त घर दिसेल, मन मोहात पडेल. तिथे बऱ्याचदा नळजोडणीच नसते. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवायचं आणि टाकी संपली की विकत आणायचं. चार वर्षं इथे काढल्यावर तसं घर खुशाल घ्या. आल्या आल्या, लहान मूल घेऊन, नको.

आता घर. इथे भाड्याचं घर बघायला दहा-पंधरा मिनिटं मिळतात आणि दहा कुटुंबं एकदम आत शिरतात. लोक कपाटं उघडून बघतात. तू नळ सोड. स्वयंपाकघराचा, बाथरूमचा, मागच्या अंगणातला. तोटी बंद केल्यावर ठिबकते का बघ. संडासाच्या टाकीला दोन बटणं आहेत का बघ, अर्धं पाणी आणि पूर्ण पाणी. भांड्याच्या आतल्या बाजूला पाण्याची बारीक रेघ सतत ओघळत असेल तर तो संडास गळका आहे, आणि असा एक संडास तीन महिन्यांच्या बिलाचं पार वाटोळं करतो. शंका आली तर राहायला गेल्यावर टाकीत खायच्या रंगाचे दोन थेंब टाक. फ्लश न करता रंग भांड्यात उतरला, की एजंटला लगेच लेखी कळव. तोंडी सांगितलेलं इथे धरलं जात नाही.

घराला स्वतंत्र मीटर आहे का हे विचार. व्हिक्टोरियात स्वतंत्र मीटर असेल तर वापराचे पैसे भाडेकरू भरतो, आणि जोडणीचा ठरावीक आकार मालक भरतो. सिडनीकडे, म्हणजे न्यू साउथ वेल्समध्ये, स्वतंत्र मीटर तर हवाच, शिवाय शॉवर आणि नळ मिनिटाला 9 लिटरपेक्षा जास्त पाणी सोडत नसतील तरच मालक वापराचे पैसे मागू शकतो. व्हिक्टोरियातही भाड्याच्या घरातल्या शॉवरला तीन तारे असावे लागतात. हे तारे म्हणजे पाणी किती वाचतं त्याची सरकारी खूण. नळ, शॉवर, वॉशिंग मशीन, भांडी धुवायचं यंत्र, सगळ्यांवर ती चिठ्ठी असते. वॉशिंग मशीन विकत घेताना विजेचे तारे बघशील तसे पाण्याचेही बघ. शॉवर तपासायला कुठलं यंत्र लागत नाही: दहा लिटरची बादली खाली ठेव, एक मिनिट मोज. बादली भरली तर शॉवर जुना आहे, बदलून माग.

किल्ल्या हातात आल्या त्याच दिवशी मीटरचा फोटो काढ. आकडा आणि तारीख दिसली पाहिजे. कंडिशन रिपोर्ट, म्हणजे घराच्या स्थितीची नोंद, भरून देताना तो फोटो सोबत जोड. नंतर कधी बिल अचानक फुगलं तर रात्री झोपताना मीटर वाच, कुणी पाणी वापरू नका म्हणून सांग, सकाळी पुन्हा वाच. आकडा सरकला असेल तर कुठे तरी पाणी गळतं आहे, आणि ती दुरुस्ती मालकाची.

नव्या वस्त्यांत जांभळ्या रंगाचा नळ दिसेल. ते सांडपाणी शुद्ध करून दिलेलं पाणी. संडासाला, बागेला, गाडी धुवायला चालतं, प्यायला आणि आंघोळीला नाही. ती वस्ती मिळाली तर उत्तम, बागेची काळजी निम्म्याने कमी होते. फक्त छोटीला पहिल्या दिवशी हात धरून दाखव, या नळाला तोंड लावायचं नाही. आणि आजी-आजोबा आले की त्यांनाही.

भाडेकरारात बाग सांभाळायची अट बहुधा असतेच. निर्बंध लागले आणि लॉन पिवळं पडलं, तर घाबरून चोरून पाणी घालू नका. एजंटला लिहून कळवा: अमुक तारखेपासून नियम लागू झाले आहेत, आम्ही नियमाप्रमाणे पाणी घालतो आहोत. सोबत फोटो. इथलं बरंचसं गवत वरून वाळलं तरी मुळाशी जिवंत राहतं आणि पहिल्या पावसाला उठतं. मी घराच्या निवडीबद्दल स्पष्टच सांगते, मोठं लॉन असलेलं घर घेऊ नकोस. फोटोत छान दिसतं, पण पाणी, वेळ आणि शनिवार-रविवार सगळं खाऊन टाकतं. छोटं अंगण, एक लिंबाचं झाड, चार कुंड्या, मागे पावसाच्या पाण्याची टाकी. 2005 नंतर व्हिक्टोरियात बांधलेल्या बऱ्याच घरांना अशी टाकी आहे, कारण तेव्हा नव्या घराला टाकी किंवा सौर बंब, दोन्हींपैकी एक लावणं बंधनकारक होतं. टाकी संडासाला जोडलेली आहे की नुसतीच उभी आहे, ते विचार. तोंडाला जाळी धड आहे का तेही बघ, नाही तर डास.

डासांवरून आठवलं, घरात पिंपं भरून ठेवू नकोस. मला माहीत आहे, पहिले काही महिने हात शिवशिवतील. माझेही शिवशिवले. उद्या पाणी येईल की नाही या विचाराने आपण भरून ठेवतो, आणि उद्या ताजं आलं की कालचं शिळं म्हणून ओतून देतो. लातूरच्या टंचाईतही आपल्या गल्लीत शिळं पाणी ओतणारी घरं होती, आणि तुझी आजी त्यावरून चिडायची. पाणी शिळं होत नाही, झाकण लाव म्हणजे झालं, असं ती म्हणायची. तिच्या हाताखाली तू जे शिकलीस ते इथे उपयोगी पडेल असं तुला वाटत नसेल, पण 2007 साली मेलबर्नची माणसं शॉवरखाली बादली ठेवून गरम पाणी येईपर्यंतचं थंड पाणी साठवायला शिकत होती. आपल्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

बादली-तांब्याची लाज बाळगू नकोस. आंघोळीला बादलीभर पाणी पुरतं, तर तीन तारेवाल्या शॉवरखाली आठ मिनिटं उभं राहिलं की सत्तर लिटर जातात. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला. कढीपत्त्याचं रोप मात्र तिकडून बॅगेत आणायचं नाही, बी नाही, फांदी नाही, विमानतळावरचे नियम कडक आहेत. इथे नर्सरीत मिळतं. मेलबर्नच्या थंडीत ते मान टाकतं, म्हणून कुंडीत लाव आणि हिवाळ्यात काचेच्या आत घे. भांडी वाहत्या नळाखाली घासायची सवय तेवढी मोड. टबात पाणी घे, नाही तर यंत्र पूर्ण भरल्यावरच लाव. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी झाडांना चालतं, भाज्यांना नाही, आणि ते दुसऱ्या दिवसापर्यंत साठवून ठेवायचं नाही. शाडूच्या गणपतीचं विसर्जन घरी बादलीत कर, पाणी आणि माती झाडाच्या बुंध्याशी जाते.

बागेला आच्छादन घाल. पालापाचोळा, लाकडाचा भुसा, जे मिळेल ते, चार बोटं जाड. पाणी पहाटे, मुळाशी, आठवड्यातून दोनदा पोटभर, रोज थोडं थोडं नाही. मेथी-कोथिंबीर मार्च-एप्रिलमध्ये पेर, डिसेंबरच्या उन्हात ती करपते.

उन्हाळ्याचं एक सांगायचं राहिलं. मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या बऱ्याच घरांत छतावर पाण्यावर चालणारा कूलर असतो. वीज कमी खातो, पण कडक उन्हाच्या दिवसांत पाणी भरपूर पितो. चालू असताना एक-दोन खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, बंद घरात तो नुसताच दमटपणा करतो.

आणि कुणी शेजाऱ्याने टोकलं, आज तुमचा वार नाही म्हणून, तर मनाला लावून घेऊ नकोस. तू नवी आहेस म्हणून तो बोलत नाही. त्याच्याही बागेतलं काही तरी त्या दुष्काळात गेलेलं असतं. आभार मान, नळी बंद कर.

ताईला, म्हणजे तुझ्या आईला सांग, ती इथे येईल तेव्हा नळाखाली हंडा लावून बसायची गरज नाही. तिचा विश्वास बसायला वेळ लागेल, लागू दे.

मेलबर्नचं नक्की झालं तर तुम्ही निवडलेल्या घरांचे पत्ते मला पाठवा. बघायच्या वेळा बहुतेक शनिवारी असतात. मी जाऊन नळ सोडून बघते, मीटर बघते, फोटो पाठवते. पर्थचं ठरलं तर घर नंबर कळव, तुमचे वार कोणते ते बघून ठेवू.

तुझी,
मावशी